नेत्यांची स्मृती, कागदपत्रे आणि वाचक : स्मृतिग्रंथालयाची जागा निवडताना

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



देशाचे नेतृत्व केलेल्या व्यक्तीची ग्रंथसंपदा, पत्रव्यवहार आणि कागदपत्रे तिच्या पश्चात कोठे ठेवावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भावनेचा वाटतो. जन्मगावाचा त्या व्यक्तीवर हक्क असतो, कर्मभूमीचा असतो, आणि जेथून तिने राज्यकारभार पाहिला त्या राजधानीचाही असतो. प्रत्येकाची मागणी समजण्यासारखी असते. मात्र अशा वास्तूसाठी लागणारी जमीन, दरवर्षी होणारा खर्च, कागदपत्रांवरील मालकी हक्क आणि ती पाहू इच्छिणाऱ्या संशोधकाची सोय यांचा विचार सुरू झाला की हा प्रश्न सार्वजनिक धोरणाचा होतो. ‘जागा कोणती’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ‘कागद कोणाचे’ आणि ‘वाचक कोण’ या दोन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी कोलकात्यातील बालीगंज या भागातील एका घराचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

विषयाची पार्श्वभूमी

अमेरिकेत माजी अध्यक्षांच्या नावे ‘अध्यक्षीय ग्रंथालय’ स्थापन करण्याची परंपरा आहे. भारतात राष्ट्रपतींसाठी अशी स्वतंत्र, कायद्याने ठरवलेली व्यवस्था नाही. राष्ट्रपती भवनाच्या संग्रहालयाच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन २५ जुलै २०१६ रोजी झाले. त्यात या पदाचा आणि वास्तूचा इतिहास मांडलेला आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे राष्ट्रीय स्मारक २७ जुलै २०१७ रोजी रामेश्वरमजवळील पेइकरुंबु येथे, त्यांच्या दफनस्थळी खुले झाले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांची स्मृती पाटण्याच्या सदाकत आश्रमाशी निगडित आहे. या तिन्ही उदाहरणांत जागेची निवड तीन वेगवेगळ्या तत्त्वांवर झालेली दिसते: पहिल्यात पदाचे ठिकाण, दुसऱ्यात जन्मभूमी व अंत्यविश्रांतीचे ठिकाण, तर तिसऱ्यात सार्वजनिक जीवनाचे ठिकाण.

स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या अध्यक्षांनाही जनमानसात ‘राष्ट्रपती’ असे संबोधले जात असे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९३७ मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःचीच चिकित्सा करणारा लेख लिहिला. त्याचे शीर्षकही ‘राष्ट्रपती’ असेच होते. या अर्थाने पाहता, भारतातील अध्यक्षीय ग्रंथालयाच्या सर्वांत जवळचे उदाहरण बालीगंजमध्ये सापडते. ते म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद यांचे घर.

बालीगंजमधील घर

मौलाना आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. बालपणीच त्यांचे कुटुंब कोलकात्यास आले आणि हे शहर त्यांची कर्मभूमी झाले. १९१२ मध्ये त्यांनी येथूनच ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. १९२३ मध्ये दिल्लीच्या विशेष अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या वयाची पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती. पुढे १९४० च्या रामगढ अधिवेशनापासून १९४६ पर्यंत ते पुन्हा अध्यक्षपदी होते. या काळात त्यांचे वास्तव्य दक्षिण कोलकात्यातील बालीगंज सर्क्युलर रोडच्या परिसरात होते.

या घराचा महाराष्ट्राशीही एक दुवा आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्यांपैकी बहुतेकांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. (या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे आहे.) पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिला आणि आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या प्रसिद्ध पत्रसंग्रहातील बहुतेक पत्रेही येथेच लिहिली गेली. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कोलकात्यात निधन झाले, त्या वेळी आझाद या किल्ल्यात बंदिवासात होते. म्हणजे एका नेत्याच्या आयुष्यातील एकाच कालखंडाच्या खुणा कोलकाता आणि अहमदनगर अशा दोन ठिकाणी विखुरलेल्या आहेत. स्मृतिस्थळाची निवड करताना येणारी पहिली अडचण हीच असते.

केंद्र सरकारने जानेवारी १९९३ मध्ये कोलकात्यात ‘मौलाना अबुल कलाम आझाद आशियाई अध्ययन संस्था’ स्थापन केली. ही संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे. आशियातील देशांचा, विशेषतः मध्य व पश्चिम आशियाचा, तेथील समाज, अर्थव्यवस्था व राजकारण यांचा अभ्यास हे तिचे कार्यक्षेत्र आहे. बालीगंजमधील अश्रफ मिस्त्री लेन येथील, आझादांचे वास्तव्य असलेल्या घरात मौलाना आझाद संग्रहालय आहे, तर संस्थेचे कार्यालय आणि संशोधनाचे काम शहराच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक, म्हणजे विधाननगर, येथून चालते. स्मृती बालीगंजमध्ये आणि संशोधन सॉल्ट लेकमध्ये, अशी ही विभागणी आहे.

एका नेत्याचे ग्रंथ, अनेक पत्ते

आझादांची पुस्तके मात्र या दोन्हीपैकी एकाही ठिकाणी मुख्यत्वेकरून गेली नाहीत. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली आणि आपला ग्रंथसंग्रह या परिषदेस दिला. दिल्लीतील परिषदेच्या ग्रंथालयात तो ‘गोशा-ए-आझाद’ या नावाने स्वतंत्र ठेवलेला आहे. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी आझादांचे निधन झाले. त्यांची कबर दिल्लीत जामा मशिदीजवळ आहे.

थोडक्यात, घर बालीगंजमध्ये, संशोधन संस्था सॉल्ट लेकमध्ये, ग्रंथसंग्रह दिल्लीत आणि कारावासातील लेखनाचे ठिकाण अहमदनगरमध्ये. कोणी एखादी भव्य इमारत उभारून हे सर्व एका छताखाली आणावे, असे सहज सुचते. परंतु ग्रंथसंग्रहाचे ठिकाण खुद्द आझादांनी ठरवले होते. इतर देशांशी सांस्कृतिक संबंध जोडणाऱ्या संस्थेत अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांना वाचक मिळतील, हा त्यामागील विचार स्पष्ट दिसतो. येथे दात्याने घराजवळच्या जागेपेक्षा उपयोगाच्या जागेस प्राधान्य दिले.

तीस पानांचा धडा

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रसंग आझादांच्या आत्मकथनाशी संबंधित आहे. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हा ग्रंथ त्यांच्या निवेदनावरून हुमायून कबीर यांनी इंग्रजीत सिद्ध केला आणि तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ३० पानांचा मजकूर आझादांच्या इच्छेनुसार वगळण्यात आला होता. हा मजकूर मोहोरबंद करून दोन ठिकाणी ठेवला गेला: एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दुसरी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी तो उघडावा, असे ठरले होते. त्यानुसार १९८८ मध्ये ती पाने उघडली गेली आणि ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या व्यवस्थेत तीन तत्त्वे आढळतात. पहिले, कागद खाजगी घरात न ठेवता सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात दिले गेले. दुसरे, एकाच ठिकाणी न ठेवता ते दोन शहरांत ठेवले गेले, त्यामुळे आग, पूर वा हस्तक्षेप यांचा धोका विभागला गेला. तिसरे, ते कधी खुले होतील याची मुदत आधीच निश्चित झाली. यासाठी नवीन इमारतीची आवश्यकता भासली नाही. स्मृतिग्रंथालयाचे जे मूळ कार्य, म्हणजे कागद सुरक्षित ठेवणे आणि योग्य वेळी वाचकांना उपलब्ध करून देणे, ते केवळ नियमांच्या बळावर पार पडले.

यातील राष्ट्रीय ग्रंथालयाची जागा हाही एक धोरणात्मक निर्णय होता. पूर्वीच्या ‘इम्पीरियल लायब्ररी’चे नाव १९४८ च्या कायद्याने बदलण्यात आले आणि अलिपूर येथील बेल्व्हेडिअर ही, एकेकाळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली, विस्तीर्ण वास्तू ग्रंथालयास देण्यात आली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी आझादांच्याच हस्ते ते जनतेसाठी खुले झाले. शासकांचा महाल वाचकांच्या स्वाधीन झाला. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत या ग्रंथालयास देणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. महालाला ग्रंथालयाचे स्थान मिळवून देण्यात या कायद्याचाही मोठा वाटा आहे.

परिसरातील आणि महाराष्ट्रातील अनुभव

घर आणि कागद यांची अशीच फारकत बालीगंजलगतच्या लेक टेरेस येथेही झालेली दिसते. ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ या ग्रंथाचे कर्ते आणि रियासतकार गो. स. सरदेसाई यांचे स्नेही असलेले इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांचे घर या रस्त्यावर होते. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांचा ग्रंथ व हस्तलिखितांचा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक शास्त्रे अध्ययन केंद्राचे कामकाज दीर्घकाळ त्यांच्या घरातून चालले आणि पुढे ते घर ‘जदुनाथ भवन’ या नावाने संग्रहालय व अभ्यासकेंद्र झाले. त्यांचे कागद मोठ्या ग्रंथालयास मिळाले आणि घरास जिवंत संस्था मिळाली. दोन्हींचा उपयोग वाढला.

बालीगंजच्याच गुरुसदय रोडवरील बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाचे उदाहरण मात्र वेगळे आहे. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या निवासस्थानात हे संग्रहालय २ मे १९५९ रोजी सुरू झाले. आझादांचे लेखनसहायक हुमायून कबीर हे त्या वेळी केंद्रीय मंत्री होते आणि संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. या वास्तूत तिच्या पूर्वीच्या मालकाच्या स्मृतीवर भर न देता शाळकरी मुलांना विज्ञान समजावून देण्याचा हेतू ठेवला गेला. घराभोवती मोकळी जागा असल्याने विस्तारास वाव होता. अरुंद गल्लीतील घरास असा वाव नसतो. तेव्हा एकाच उपनगरातील दोन घरांस एकच मापदंड लावता येत नाही.

महाराष्ट्रात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. ६ जुलै १९१७ रोजी ही संस्था स्थापन झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला आणि मुंबई सरकारच्या ताब्यातील हस्तलिखितांचा मोठा संग्रह १९१८ मध्ये तेथे आणण्यात आला. एका विद्वानाच्या खाजगी संग्रहाभोवती सार्वजनिक संग्रह आला आणि दोहोंभोवती संशोधक जमा झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य येथे होऊ शकले, त्याचे एक कारण हे एकत्रीकरण होते. अर्थशास्त्रात यास ‘समूहनाचे लाभ’ म्हणतात. एकाच प्रकारच्या सोयी जवळजवळ असल्या की प्रत्येकीची उपयुक्तता वाढते.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेतील पद्धतीची सुरुवात फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्यापासून झाली. न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथील आपल्या वडिलोपार्जित जागेतील जमीन त्यांनी १९३९ मध्ये सरकारला दिली आणि १९४१ मध्ये ग्रंथालय सुरू झाले. १९५५ च्या अध्यक्षीय ग्रंथालय कायद्याने या पद्धतीस कायम स्वरूप मिळाले: इमारत खाजगी देणग्यांतून उभारावी आणि तिचे व्यवस्थापन राष्ट्रीय अभिलेखागाराने करावे, अशी ही विभागणी होती.

परंतु तोपर्यंत अध्यक्षांचे कागद ही त्यांची खाजगी मालमत्ता मानली जात असे. रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर १९७४ मध्ये विशेष कायदा करून त्यांचे कागद व ध्वनिफिती सरकारला ताब्यात ठेवाव्या लागल्या. १९७८ च्या अध्यक्षीय अभिलेख कायद्याने हे कागद राष्ट्राचे असल्याचे निःसंदिग्धपणे ठरवले आणि जानेवारी १९८१ पासूनच्या अभिलेखांस तो लागू झाला. म्हणजे इमारतींची परंपरा सुरू झाल्यानंतर सुमारे चार दशकांनी कागदांच्या मालकीचा प्रश्न सुटला.

जागेच्या निवडीबाबतचे वादही उद्बोधक आहेत. जॉन केनेडी यांचे ग्रंथालय प्रथम हार्वर्ड विद्यापीठाजवळ केंब्रिज येथे होणार होते. पर्यटकांच्या गर्दीने वाहतुकीचा बोजा पडेल, या कारणास्तव स्थानिक रहिवाशांनी विरोध केला. अखेर बोस्टनमधील कोलंबिया पॉइंट येथे, समुद्रकिनारी आणि दुसऱ्या एका विद्यापीठाशेजारी, १९७९ मध्ये ते सुरू झाले. बराक ओबामा यांच्या केंद्रासाठी शिकागो विद्यापीठ, इलिनॉय विद्यापीठ, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि हवाई विद्यापीठ यांच्यात स्पर्धा झाली. २०१५ मध्ये शिकागोची आणि २०१६ मध्ये तेथील जॅक्सन पार्कची निवड झाली. सार्वजनिक उद्यानाची जमीन वापरण्यावरून न्यायालयीन वाद झाले, परिसरातील घरभाडी वाढून मूळ रहिवासी विस्थापित होतील अशी भीती व्यक्त झाली आणि त्यामुळे नगरपरिषदेने २०२० मध्ये वुडलॉन भागासाठी गृहनिर्माणविषयक नियम केले. बांधकामाचा प्रारंभ २०२१ मध्ये झाला. विशेष म्हणजे या केंद्रात मूळ अभिलेख ठेवण्याची योजनाच नाही. ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे राहतात आणि संगणकीय स्वरूपात उपलब्ध करण्याचे धोरण आहे. ज्या देशाने स्मृतिस्थळ आणि अभिलेख एकत्र ठेवण्याची प्रथा पाडली, त्याच देशात ती दोन्ही पुन्हा वेगळी होत आहेत.

आणखी एक बाब भारतासाठी महत्त्वाची आहे. १९८६ च्या सुधारणेनुसार ग्रंथालय सरकारकडे सोपवताना देखभालीसाठी बांधकाम खर्चाच्या २० टक्के इतका कायम निधी देणे आवश्यक झाले. पुढे हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. इमारत एकदा बांधली जाते, पण तिचा खर्च कायम चालतो, ही जाणीव या तरतुदीमागे आहे.

भारतातील कायद्याची चौकट

भारतात १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आणि त्याखालील १९९७ चे नियम हा या विषयाचा पाया आहे. केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश, सार्वजनिक उपक्रम व वैधानिक संस्था यांच्या अभिलेखांस तो लागू आहे. १८९२ पूर्वीचे अभिलेख, अत्यंत खराब झाल्याचा अपवाद वगळता, नष्ट करता येत नाहीत. अधिनियमाच्या उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राष्ट्रीय अभिलेखागाराची स्थापना ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यातच ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ या नावाने झाली होती. राजधानी दिल्लीस नेल्यानंतर हे खातेही तेथे गेले, ही अभिलेखांच्या स्थलांतराची आपल्याकडील सर्वांत मोठी घटना म्हणता येईल.

नेत्यांच्या खाजगी कागदांबाबत मात्र असे बंधन नाही. ते त्यांचे वारस अथवा न्यास स्वेच्छेने सार्वजनिक संस्थेस देतात. दिल्लीतील तीन मूर्ती भवनात १९६४ मध्ये नेहरू संग्रहालय सुरू झाले आणि तेथील ग्रंथालयात नेहरूंबरोबरच इतर अनेक नेत्यांचे व संस्थांचे कागद जमा होत गेले. २०२२ मध्ये तेथे प्रधानमंत्री संग्रहालय सुरू झाले आणि २०२३ मध्ये संस्थेच्या नावात तसा बदल करण्यात आला. एकेका नेत्यासाठी एकेक बंगला या पद्धतीस पर्याय म्हणून सामाईक संस्थेचा हा मार्ग आहे. सरकारी बंगल्यांचे स्मारकांत रूपांतर न करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१४ मध्ये घेतला, त्यामागे शहरातील मौल्यवान जमिनीचा प्रश्न होता.

निवडीचे अर्थशास्त्र

जागेची निवड करताना पुढील निकष विचारात घेणे उचित ठरेल.

१. वैकल्पिक खर्च : जमीन सरकारची असली म्हणून ती फुकट ठरत नाही. त्याच जमिनीवर शाळा, दवाखाना वा घरे झाली असती तर जो लाभ झाला असता, तो तिचा खरा खर्च होय.

२. वाचकाचा खर्च : समजा, शहराबाहेरील जागा ३ कोटी रुपयांनी स्वस्त आहे. रोज ४० वाचक, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे १० हजार भेटी झाल्या आणि प्रत्येक भेटीस प्रवासाचे २०० रुपये जादा पडले, तर वाचकांवर दरवर्षी २० लाख रुपयांचा बोजा पडेल. ५ टक्के दराने या कायमस्वरूपी खर्चाचे आजचे मूल्य ४ कोटी रुपये होते. म्हणजे स्वस्त जागा समाजास १ कोटीने महाग पडली. मात्र वाचक रोज १०च असतील, तर हा बोजा १ कोटीचाच राहतो आणि स्वस्त जागा योग्य ठरते. ही आकडेवारी केवळ उदाहरणादाखल आहे. लक्षात घेण्याचा मुद्दा असा, की जमिनीची किंमत सरकारी अंदाजपत्रकात दिसते, तर विद्यार्थ्याचे प्रवासभाडे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचा विचार निर्णयात सहसा होत नाही.

३. आवर्ती खर्च : तापमान व आर्द्रता नियंत्रण, ग्रंथपाल, अभिलेखतज्ज्ञ आणि दुरुस्ती यांची तरतूद नसेल, तर भांडवली खर्च वाया जातो.

४. जोखीम : कोलकात्याची दमट हवा कागदास प्रतिकूल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काही तासांत झालेल्या अतिवृष्टीने दक्षिण कोलकात्यासह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांचे मोठे नुकसान झाले. तळमजल्यावरील संग्रहास हा इशारा आहे.

५. समूहन : इतर ग्रंथालये, विद्यापीठे व वाहतुकीची साधने यांच्याशी असलेले सान्निध्य.

६. स्थानिक परिणाम : गर्दी, भाडेवाढ आणि रहिवाशांचे मत.

बालीगंजला हे निकष लावले तर चित्र संमिश्र दिसते. उपनगरीय रेल्वेचे स्थानक येथे आहे. तारकनाथ पालित यांच्या दानातून उभे राहिलेले कोलकाता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय बालीगंज सर्क्युलर रोडवर आहे आणि राष्ट्रीय ग्रंथालयही फार दूर नाही. वाचकांच्या दृष्टीने ही जागा उत्तम आहे. मात्र जमीन दुर्मिळ व महाग, गल्ली अरुंद आणि पावसाळी पाण्याचा धोका कायम. त्यामुळे मूळ कागदांचे भांडार म्हणून हे घर योग्य ठरत नाही, पण स्मृतिस्थळ म्हणून त्याला पर्याय नाही. जेथे ती व्यक्ती राहिली, ती जागा दुसरीकडे बांधता येत नाही.

संगणकीकरणामुळे जागेचा प्रश्न संपला, असेही म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे लातूर किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्यास दिल्लीतील कागद पाहता येतात, हा मोठा लाभ आहे. त्यामुळे इमारतीवर होणारा खर्च कमी करून तो सूचीकरण व प्रतिमांकनाकडे वळवणे शक्य होते. परंतु मूळ कागद कोठेतरी ठेवावाच लागतो आणि आझादांच्या संग्रहातील फारसी-अरबी ग्रंथांची सूची करण्यास त्या भाषांचा जाणकार लागतो. तो जेथे उपलब्ध असेल, तेही जागेचे एक कारणच आहे.

समारोप

भविष्यात एखाद्या माजी राष्ट्रपतींच्या अथवा प्रधानमंत्र्यांच्या स्मृतिग्रंथालयाचा प्रस्ताव आला, तर त्याची तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. प्रथम, कोणते कागद सार्वजनिक व कोणते खाजगी, हे लेखी ठरावे. त्यानंतर ते कधी खुले होणार याची मुदत निश्चित व्हावी. मग अपेक्षित वाचकांची गणना व्हावी. त्यानंतरच स्मृतीसाठी एक आणि अभिलेखांसाठी एक, अशा दोन जागांचा स्वतंत्र विचार व्हावा. दोन्ही एकाच ठिकाणी आल्या तर उत्तम, न आल्या तर त्यांना जोडणारी सामाईक सूची असावी. शेवटी देखभालीचा कायम निधी उभा राहिल्याखेरीज पायाभरणी होऊ नये.

प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा असतो. आधी जमीन, मग कोनशिला, मग इमारत आणि अखेरीस आत ठेवण्यासाठी कागदांचा शोध. यात नुकसान होते ते पुढच्या पिढीतील अभ्यासकाचे, कारण निर्णय घेताना तो उपस्थित नसतो आणि त्याच्या वतीने बोलणाराही कोणी नसतो. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांवर ही जबाबदारी उद्या येणार आहे. एखाद्या जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिकाच्या, समाजसुधारकाच्या किंवा माजी मुख्यमंत्र्याच्या स्मारकाची संचिका त्यांच्यासमोर येईल, तेव्हा नकाशा उघडण्यापूर्वी कागदांची यादी मागवणे हे पहिले काम असले पाहिजे. आझादांची ती ३० पाने तीस वर्षे सुरक्षित राहिली आणि ठरलेल्या वर्षी वाचकांच्या हाती आली. त्यासाठी दोन सार्वजनिक संस्था, एक मोहोर आणि एक मुदत एवढेच पुरेसे ठरले. कोणत्याही स्मृतिग्रंथालयाच्या यशाचे मोजमाप याच कसोटीवर करावे लागेल.